बांगड्याचे डोळे

सन १९६७. मी अकरा वर्षांचा होतो आणि तिसरीत होतो. अकराव्या वर्षी तिसरीत म्हणून कोणी हसू नये. लिबरेशनच्या आधी, पोर्तुगीज होते तोवर, आमच्या वाड्यावर शाळाच नव्हती. पेडण्याच्या त्या कोपऱ्यात पोरांनी गुरं राखायची, काजी गोळा करायच्या, हेच शिक्षण. शाळा आली तेव्हा मास्तरांनी माझ्यासारखे सगळे घोडे एकदम पहिलीत बसवले. मी चौथीनंतर शाळा सोडली. त्याचं मला वाईट वाटत नाही. हे जे लिहितो आहे ते माझ्या हाताने लिहितो आहे, अक्षर मोठं काढावं लागतं एवढंच. नातीने चष्मा आणून मेजावर ठेवला आहे. तो तिथेच असू दे.

कारण माझे डोळे हे त्या वेळी गावात प्रसिद्ध होते. मला विठू कोणी म्हणत नसे, घार म्हणत. आमच्या घरामागे चढण चढली की सडा, म्हणजे कातळाचा माळ, लागतो, आणि सड्याच्या कडेला एक काळा धोंडा आहे. त्या धोंड्यावर उभं राहिलं की खाली नदी, फेरीचा धक्का आणि पलीकडचा रस्ता दिसतो. सगळ्यांना दिसतो, पण मला फेरीतून उतरणारी माणसं ओळखू येत. तोंडं नव्हेत, तेवढं कोणालाच दिसणार नाही, पण कोण कसा चालतो, कोण छत्री कुठल्या काखेत धरतो, ते. आई चुलीवर भाताचं आधण ठेवून मागच्या दाराने ओरडे, "विठू, फेरीसून कोण देवलो रे?" मी सांगे, म्हापशाची आत्या, बरोबर एक पोर. मग आई तेवढे तांदूळ वाढवी. आत्या घामाघूम होऊन उंबऱ्यात येई तेव्हा तिच्या नावाचा भात रटरटत असे. पायात काटा मोडला की वाड्यावरची माणसं माझ्याकडे येत. मधमाशी पाणी पिऊन उडाली की तिच्यावर नजर लावून मी पोळं शोधून देत असे. आणि दिवेलागणीला आईच्या सुईत दोरा ओवणं, ते तर माझंच काम. कोणी दुसऱ्याने सुईला हात लावायचा नाही.

या सगळ्याचं मला वेतन मिळे, आणि ते वेतन म्हणजे बांगड्याचे डोळे. आमच्याकडे सोमवार सोडून रोज दुपारी हुमण, म्हणजे माशाची आमटी, आणि उकड्या तांदळाचा भात. बांगडे कापले की आई डोकी टाकून देत नसे, हुमणातच सोडी. जेवायला बसलो की दवलीने, करवंटीच्या पळीने, ती डोकी एकेक करून काढी आणि माझ्या ताटात ठेवी. "डोळे डोळ्यांक," असं म्हणे. ज्याच्या डोळ्यांवर घर चालतं त्याने डोळे खायचे. बाबासुद्धा त्यांच्यावर हक्क सांगत नसत. डोळा तोंडात घ्यायचा, भोवतीचा मऊ भाग जिभेने काढायचा, आंबट-तिखट रस चोखायचा, आणि मग आतला पांढरा कडक मणी उरतो तो थुंकायचा. मी थुंकत नसे. धुऊन जनेलावर, खिडकीच्या कठड्यावर, रांगेने मांडून ठेवी. आलागेला विचारी, "ह्ये कितां?" आई सांगे, "आमच्या घारीचे मोती."

अशा घरात अनू आला.

अनू म्हणजे माझा चुलतभाऊ, अनंत. काका पाळी गावात लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवत. तिकडे सगळं लाल. काका यायचे तेव्हा त्यांच्या कानातून, नाकातून, भुवयांतून लाल माती निघायची. अनूला ती धूळ बाधली, खोकला जाईना, म्हणून त्याला आमच्याकडे ठेवायचं ठरलं. काकी तिकडेच राहिली. तो आला तो ट्रकच्या केबिनमध्ये बसून. मी त्या केबिनला तोपर्यंत बाहेरून हात लावला होता, तेवढंच. दहा वर्षांचा, काडीसारखा, पापण्या लांब, आणि आल्या आल्या मला म्हणाला, "विठूदादा, मी तुझ्याजवळ झोपू?" मला तेव्हाच तो आवडला नाही.

शाळेत त्याला माझ्याच वर्गात, माझ्याच शेजारी बसवला. फळ्यावर मास्तर लिहीत तेव्हा हा मान खाली घालून बसे आणि नुसतं ऐके. एकदा ऐकलं की याच्या डोक्यात ते खिळ्याने ठोकल्यासारखं बसे. मला फळ्यावरचं अक्षर न् अक्षर दिसत होतं, खडूची धूळ कुठे उडाली तीसुद्धा दिसत होती, पण त्या अक्षरांनी मला कधी काही सांगितलं नाही. मास्तर म्हणत, "हा अनंत बघा. आणि ही घार बघा, नुसती बघत बसते." पोरं हसत. मी हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवत असे. घरी येताना अनू दगडाला ठेचकाळे, ओळखीच्या माणसाला ओळख देत नसे, बैल समोर आला तरी बाजूला होत नसे. मला वाटे, गर्व. खाणीवरचा, ट्रकवाल्याचा मुलगा ना.

एक दिवस संध्याकाळी पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजला म्हणून मी उंडे, गोल पाव, आणायला धावलो. परत आलो तर आई कंदिलाजवळ गोधडी घेऊन बसलेली, आणि सुई अनूच्या हातात. त्याने सुई नाकाला चिकटवली, दोरा जिभेवर ओला केला आणि एका झटक्यात आत घातला. मला दोन-तीनदा टोक सारखं करावं लागे. आई म्हणाली, "बाय गे! पोराचे डोळे मगे!" मी उंडे तिथेच जमिनीवर टाकले आणि गोठ्यात जाऊन बसलो. बाबा विचारायला आले, काय झालं. मी म्हटलं, पोटात दुखतं. ते खोटं नव्हतं.

मग पावसाळा सरल्यावर शाळेत सरकारी डॉक्टर आला. जीप घेऊन, टाय लावून. त्याने वर्गातल्या भिंतीवर एक पांढरा कागद टांगला. त्यावर नुसती तीन दातांच्या फणीसारखी चिन्हं. वर मोठी, खाली लहान होत गेलेली. एक डोळा हाताने झाकायचा, डॉक्टर काठीने दाखवेल त्या फणीचे दात कुठे आहेत ते बोटाने सांगायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वाचायला काही नाही! मी जेव्हा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही परीक्षा देवाने माझ्यासाठीच धाडली. माझी पाळी आली. मी शेवटच्या ओळीपर्यंत सगळे दात सांगितले, दोन्ही डोळ्यांनी, न थांबता. एवढंच नव्हे, त्या ओळीच्याही खाली, कागदाच्या कडेला, मुंगीएवढी काही अक्षरं छापलेली होती. मी म्हटलं, "साहेब, त्याच्या खाली पण आसा. पहिलो वाटोळो, मगीर उभी काठी." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "ठीक आहे. पुढचा."

ठीक आहे! बस. एवढंच.

मग अनू उभा राहिला. दुसऱ्या ओळीला अडकला. बोट हवेत नुसतं हलवत राहिला. आणि तो डॉक्टर, ज्याने मला एक शब्द दिला नाही, तो खुर्चीवरून उठला, अनूच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला आपल्या खुर्चीत बसवला. पेटी उघडली. त्यात मखमलीवर काचा. एक काळी चौकट अनूच्या नाकावर ठेवून तो एकेक काच घालू लागला. "आता? आता बरं की मघाशी?" असं हळू, लाडाने विचारीत. सगळा वर्ग गोळा झाला. एक काच बसली आणि अनू दारातून बाहेर बघून एकदम म्हणाला, "झाडाला पानं आसात. सुटी सुटी." सगळे हसले. डॉक्टरही हसला. मी हसलो नाही. झाडाला पानं असतात हे मी जन्मापासून बघत होतो, माझ्यासाठी कधी कोणी पेटी उघडली नव्हती.

संध्याकाळी मास्तर स्वतः आमच्या घरी आले. बाबांना म्हणाले, "घाबरायचं काही नाही. पोराच्या डोळ्यांत रोग नाही. जवळचं उत्तम दिसतं, लांबचं पुसट. चष्मा लावला की झालं. नाही लावला तर पुढच्या वर्गांत मागे पडेल. हुशार आहे हो." जाताना त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "याला काही नको. याचे डोळे ठणठणीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने दवली हुमणात घातली, बांगड्याचं डोकं वर काढलं, आणि ते माझ्या ताटावरून पुढे गेलं. अनूच्या ताटात पडलं. दुसरंही. तिसरंही.

"आई," मी म्हटलं.

"तुका कित्याक रे? तुझे बरे आसात."

अनूला ते खाताही येत नव्हतं. त्याने कडक मणी दाताखाली फोडला आणि तोंड वाकडं केलं. माझ्याकडे सरकवत म्हणाला, "दादा, तू घे." आईने त्याच्या हातावर चापट मारली, "खा! तुज्या बऱ्याक सांगतंय." मी ताटावरून उठलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणी परत बसायला बोलावलं नाही.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं झालं. तिथेही तीच फण्यांची पाटी भिंतीवर होती. तिथली पोरगी म्हणाली, आजोबा, दात कुठे आहेत? मी म्हटलं, बाई, हा पेपर मी पूर्वीच सोडवला आहे. तिला कळलं नाही. असो.

शनिवारी संध्याकाळी काका ट्रक घेऊन आले. चष्म्याचा विषय निघाला. गावात चष्मा होता तो पोस्टमास्तरांना आणि एका म्हाताऱ्या भटजींना. दहा वर्षांच्या पोराला चष्मा कोणी पाहिला नव्हता. आई म्हणाली, "एकदा काच लावली की डोळे आळशी जातात, मगीर जल्मभर सुटका ना." काका म्हणाले, "वहिनी, डॉक्टर सांगतो ते खोटं?" बाबा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "भांडतात कित्याक? देवाक इचारूया." आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय काही होत नसे. बैल घ्यायचा होता तेव्हा देवाने दोनदा नकार दिला होता. मग बाबांनी प्रश्न बदलला, अमक्याकडचा नको, तमक्याकडचा घेऊ का, तेव्हा कुठे हो मिळालं.

रविवारी सकाळी आंघोळी करून आम्ही सगळे रवळनाथाच्या देवळात गेलो. कौल लावायचा तो असा: पिटकोळीच्या लाल फुलांचे कळे पाण्यात भिजवायचे आणि देवाच्या पाषाणावर उजवीकडे एक, डावीकडे एक चिकटवायचा. उजवा म्हणजे देवाचा उजवा हात, आपला नव्हे. उजवा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही. गाभाऱ्यात काळोख, एक समई. आत फक्त धोंडू गुरव. त्याला गुडघे दुमडायला त्रास होई आणि त्याच्या बुबुळांवर दुधासारखी साय आली होती. आम्ही बाहेर चौकात, सभामंडपात, हात जोडून. गुरवाने गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू अनंत. ह्येका पणजीक व्हरून चष्मो घालूचो असा ह्येच्या बापाच्या मनात आसा. तुझी मान्यताय असली तर उजवो दी, नसली तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी म्हटलं नाही. मी कळ्यांवर नजर लावून उभा होतो. चौकात घुमटाखाली पारवे घुमत होते, समईची वात चुरचुरत होती. काकांचे ओठ हलत होते. अनू माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभा. त्याला गाभाऱ्यात नुसता पिवळा ठिपका दिसत असणार. मग कळा सुटला. पाषाणावरून ओघळला, खाली पडला.

"उजवो!" गुरव ओरडला. "उजवो दिलो देवान!"

काकांनी मोठा श्वास सोडला. बाबांनी हात कपाळाला लावले.

"ना," मी म्हणालो. "डावो पडलो."

आईने माझा दंड चिमटीत धरला. गुरव म्हणाला, "चेड्या, दारात उभो रावन तुका दिसता आणि माका दिसना?" मी म्हटलं, "हात लावन बघ." गुरवाने हात पुढे केला. बोटांनी पाषाण चाचपला. उजवा कळा तिथेच चिकटलेला होता. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "डावो."

मला दिसलं ते मी बोललो. यात माझं काय चुकलं असं मला कोणी अजून दाखवून दिलेलं नाही. पण ते बोलताना छातीत काय गोड वाटलं होतं ते मात्र मला ठाऊक आहे. काका पायरीवर बसून चपलेचा अंगठा बसवत राहिले. वाटेत अनू माझ्यामागून चालत होता. म्हणाला, "दादा, खरंच डावा?"

"खरंच."

"बरं," तो म्हणाला. "तुला दिसलं म्हणजे तसंच." आणि पुढच्या दगडाला ठेचकाळला.

दुपारी मी हात-पाय धुऊन सर्वांच्या आधी पाटावर बसलो. चष्मा नाही, डॉक्टर नाही, पेटी नाही. सगळं पूर्वीसारखं. आईने हुमण आणलं. दवली आत गेली, डोकी वर आली, आणि एकेक करून सगळी अनूच्या ताटात. मी बघतच राहिलो. आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "देवानूच ना म्हटलां. आता पोराक आमीच सांभाळूक जाय. रोज खा, बाबा." बाबा मला म्हणाले, "उद्यापासून त्याचो हात धरून शाळेत व्हर. फळ्यावरचां तू त्येका सांग." मी म्हटलं, मला फळ्यावरचं कळत नाही. "कळाक नाका. अक्षर कसां दिसता तां सांग. तो वाचीत."

हे मी धरलंच नव्हतं. मी त्याचा चष्मा घालवला, तर आता त्याचा चष्मा मीच. रोज हात धरायचा, अक्षरं सांगायची, त्याने वाचायचं, शाबासकी त्याला. आणि माशाचे डोळे जन्मभर त्याला. चष्मा लागला असता तर तो दुसऱ्या कुठल्याही पोरासारखा झाला असता. कोणी कशाला लाड केले असते? ती दुपार मी सड्यावर धोंड्यावर बसून काढली. खाली फेरी येत होती, जात होती. आईने दोनदा विचारलं कोण उतरलं, मी उत्तर दिलं नाही. बसता बसता मला बाबांचा बैल आठवला.

सोमवारी उजाडता उजाडता मी उठलो, कुंपणाच्या पिटकोळीचे कळे ओंजळभर तोडले आणि देवळात गेलो. धोंडू गुरव अंगण झाडत होता. मला बघून म्हणाला, "इलो न्यायाधीश."

"परत कौल लाव," मी म्हटलं.

"देव काय तुझो चाकर? काल ना म्हटल्यान."

"काल तू इचारलंस पणजीक व्हरून चष्मो घालूया काय. देव ना म्हणालो तां चष्म्याक की पणजीक? म्हापशाचां इचार."

गुरव खराट्यावर टेकून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, म्हणजे माझ्या बाजूला बघत राहिला. मग हसला. त्याचे पुढचे दात नव्हते. "बापाचो पोर खरो," म्हणाला. पाय धुतले, आत गेला, कळे भिजवले, बोटांनी चाचपून चिकटवले. गाऱ्हाणं घातलं, म्हापशाचं नाव घेतलं. "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटाच होतो. मी म्हटलं, मोठ्याने. पापणी हलवली नाही. कळा पडला.

गुरवाने हात पुढे केला नाही. तोंड माझ्याकडे वळवून विचारलं, "सांग. खंयचो?"

"उजवो."

"उजवो," गुरव म्हणाला आणि उरलेली फुलं देवावर वाहिली. अनू आजही वाळपईहून फोन करतो, सरकारी नोकरी करून तिथेच स्थायिक झाला आहे. हसत हसत विचारतो, "दादा, आता तरी सांग, खरंच उजवा होता?" मी त्याला म्हणतो, तुझा डोळा होता का तिथे? नव्हता ना? मग गप्प बस.

मी धावत घरी आलो तर काकांचा ट्रक चालू होऊन घरघरत होता. मी बॉनेटसमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. काका म्हणाले, "बघितलं कोणी?" मी म्हटलं, "मी." काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "त्येका दिसलां म्हणजे दिसलां." असं त्यांनी माझ्याबद्दल चारचौघांत कधी म्हटलं नव्हतं, पुढेही म्हटलं नाही. आईने अनूला धुतलेला सदरा घातला. काकांनी त्याला उचलून केबिनमध्ये बसवला. अनू वरून म्हणाला, "दादालाही घेऊया." काका म्हणाले, "त्याला कशाला? त्याचे डोळे बरे आहेत." आणि दार लावलं.

सोमवार होता, घरात मासळी नव्हती, डोळ्यांचा निकाल आज लागणार नव्हता. शाळेची घंटा झाली तरी मी गेलो नाही. सड्यावर चढलो, धोंड्यावर उभा राहिलो. ट्रक धक्क्यावर उतरला, फेरीत चढला, पलीकडे लागला, चढ चढू लागला. खिडकीतून अनूचा हात बाहेर आला होता आणि तो आमच्या घराच्या दिशेने हलवत होता. मी घरात नव्हतो, सड्यावर होतो. वळण येईपर्यंत तो हात मला स्वच्छ दिसत होता, गावात दुसऱ्या कोणाला दिसला नसता. मी काही हात केला नाही. केला असता तरी त्या दिवशी त्याला कुठे दिसणार होता.